गेटवरचा फोटो आणि माझी आई: सोसायटीच्या व्यवस्थापक समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था,
कोथरूड, पुणे

विषय: गेटवरील ॲपमध्ये चेहरा पाहून परवानगी देण्याची सक्ती व त्यावरून आकारलेला दंड

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात आमच्या दाराखालून सरकवलेल्या नोटिशीत आपण लिहिले आहे की, 'सदनिकेतील ज्येष्ठ सदस्याने अभ्यागताचा चेहरा नीट न पाहता निष्काळजीपणे प्रवेशास मंजुरी दिली, सबब सदनिकाधारकास रु. ५०० दंड आकारण्यात येत आहे.' मी एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करते. वाक्यात कुठला शब्द चुकीचा पडला आहे हे पाहण्याची मला रोजची सवय आहे आणि या वाक्यातला 'निष्काळजीपणे' हा शब्द चुकीचा आहे. माझ्या आईने तो चेहरा नीट पाहिला होता. चष्मा लावून, फोन खिडकीपाशी नेऊन, दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला होता. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी तेव्हा पोळ्या करत होत्या, त्यांनी हे सारे पाहिले. आईने त्यांना फोटो दाखवला नाही, कारण आपल्याला चेहरा ओळखता येत नाही हे कबूल करायची तिला लाज वाटते.

या विषयावर मी आपल्याला दोन लेखी अर्ज दिले. दोन्हींवर पोच म्हणून शिक्का मिळाला, उत्तर मिळाले नाही. वॉचमनने काढलेला पाहुण्याचा फोटो घरच्या फोनवर पाठवून होकार-नकार मागणारे असेच ॲप आज पुण्यातल्या असंख्य सोसायट्यांच्या गेटवर आहे आणि माझ्या आईसारखी माणसे त्या सोसायट्यांतही राहतात, म्हणून हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे. संस्थेचे, समितीतील कोणाचे किंवा ॲपचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही. नियम बदलून हवा आहे.

आधी घडले ते सांगते. आमच्याकडे पाण्याच्या फिल्टरच्या सर्व्हिसिंगला दर तीन-चार महिन्यांनी एक मुलगा येतो. जुलैमधल्या एका गुरुवारी दुपारी, धो धो पाऊस पडत असताना, आईच्या फोनवर घंटी वाजली आणि गेटवरचा फोटो आला. रेनकोटची टोपी कपाळापर्यंत ओढलेला, चेहऱ्यावर पाणी निथळणारा एक माणूस, वॉचमनने वरून तिरका काढलेला. खाली लिहिलेले 'सर्व्हिस'. आईला वाटले, नेहमीचाच मुलगा असेल. तिने हिरवे बटण दाबले. तो माणूस आमच्याकडे आलाच नाही. तो तिसऱ्या मजल्यावर गेला, तिथल्या एकट्या राहणाऱ्या आजोबांकडून फिल्टरची कांडी बदलण्याचे १,८०० रुपये घेतले आणि काहीही न बदलता निघून गेला. ते पैसे मी त्याच संध्याकाळी आजोबांना दिले. त्यांचे नुकसान खरे होते आणि त्याचा धागा आमच्या फोनपर्यंत येत होता, हे मी नाकारत नाही.

मात्र त्याच्या आठच दिवस आधी घडलेली गोष्ट आपल्या दप्तरात नाही. साताऱ्याहून मोटारसायकलवर आलेला माझा मामेभाऊ, म्हणजे आईचा सख्खा भाचा, गेटबाहेर वीस मिनिटे भिजत उभा होता. त्याने दाढी वाढवली होती आणि फोटो हेल्मेट घालूनच काढला होता. आईने लाल बटण दाबले. पुन्हा घंटी आली, पुन्हा लाल दाबले. वॉचमनने त्याला सांगितले, 'आजी नको म्हणतात.' शेवटी त्याने मला फोन केला. त्या दिवशी नुकसान फक्त त्याचे आणि आईचे झाले, म्हणून त्याची नोटीस निघाली नाही.

अडीच वर्षांपूर्वी आईला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, थोडक्यात एमसीआय, असल्याचे निदान झाले. मराठीत याला सौम्य बोधनक्षीणता म्हणता येईल. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉक्टर रोनाल्ड पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली या अवस्थेचे जे निकष मांडले, त्यांचा गाभा असा की, माणसाला स्वतःला किंवा घरच्यांना विसरभोळेपणा जाणवतो, चाचणीतही तो वयाच्या मानाने जास्त दिसतो, पण रोजचे व्यवहार शाबूत असतात आणि डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहार अडावेत इतका स्मृतिभ्रंश, झालेला नसतो. पुढे या व्याख्येत स्मृतीखेरीज भाषा, लक्ष, दृष्टीने जाणून घेणे या क्षमतांतली घटही धरली जाऊ लागली. स्मृती-चिकित्सालयांत येणाऱ्या अशा रुग्णांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के लोक दर वर्षी डिमेन्शियाकडे सरकतात, बरेच जण वर्षानुवर्षे आहेत तिथेच राहतात आणि काहींची स्थिती सुधारतेसुद्धा. आई स्वयंपाकाची आखणी करते, वाण्याचा हिशोब ठेवते, स्वतःच्या गोळ्या स्वतः घेते, सकाळी एकटी फिरून येते. 'वेड लागले' किंवा 'म्हातारचळ' असे शब्द जिन्यात माझ्या कानावर आले आहेत, म्हणून हे एवढे सविस्तर लिहावे लागले.

तिची जी चाचणी झाली ती मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेली, २००५ साली प्रसिद्ध झालेली 'मोका'. तीस गुणांची. आईला तेवीस मिळाले. सिंह, गेंडा आणि उंट यांची चित्रे तिने क्षणात ओळखली, घनाकृतीचे चित्र काढताना मात्र ती अडखळली आणि पाच शब्दांपैकी दोनच तिला पुन्हा आठवले. गंमत अशी की मूळ इंग्रजी चाचणीत लक्षात ठेवायच्या पाच शब्दांतला पहिलाच शब्द 'फेस', म्हणजे चेहरा, हा आहे. पण तीस गुणांच्या त्या साऱ्या चाचणीत एकही चेहरा दाखवून विचारला जात नाही. त्यामुळे चेहऱ्यांची अडचण त्या कागदावर उमटलीच नाही. ती आम्हाला घरात कळली. टीव्हीवरच्या मालिकेत 'ही मघाचीच का?' असे ती वारंवार विचारू लागली तेव्हा.

आम्ही आधी डोळेच तपासून घेतले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती, चष्म्याचा नंबर बरोबर होता, बारीक टाइपातले वर्तमानपत्र ती वाचत होती. मग मानसशास्त्रज्ञांनी तिला एक वेगळी चाचणी दिली. वर एका अनोळखी माणसाचा फोटो, खाली सहा फोटो, त्यातला वरचा माणूस कोणता ते दाखवायचे. खालचे फोटो कधी बाजूने काढलेले, कधी अर्ध्या उजेडातले. यात आठवणीचा संबंध नाही, कारण दोन्ही फोटो समोरच असतात. तरी आई प्रत्येक पानावर थांबत होती. नाकावर बोट ठेवायची, मग भुवयांवर, मग पुन्हा नाकावर. मी मागे बसले होते. एकेक अवयव जुळवून पाहणारे ते बोट मला ओळखीचे वाटले, कारण मुद्रिते तपासताना माझेही बोट असेच चालते.

मुद्रितशोधकाला एक गोष्ट सुरुवातीलाच शिकवतात: ओळखीचा शब्द आपण अक्षर-अक्षर वाचत नाही, अख्खा उचलतो, म्हणूनच त्यातली चूक सुटते. चूक पकडायची तर ओळ उलटीकडून वाचायची, म्हणजे शब्दाची घडी मोडते आणि अक्षरे सुटी दिसतात. चेहऱ्याचेही असेच असते. निरोगी मेंदू चेहरा अख्खा उचलतो. नाक, डोळे, जिवणी यांची बेरीज करत बसत नाही. फोटो उलटा धरला की हीच घडी मोडते आणि इतर वस्तू ओळखण्यापेक्षा चेहरे ओळखणे कितीतरी अवघड होऊन बसते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यिन यांनी १९६९ सालीच दाखवून दिले. अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, झालेल्यांमध्ये सुलट्या आणि उलट्या चेहऱ्यांतला हा फरक कमी झालेला आढळला आहे, म्हणजे सुलटा चेहराही त्यांना अख्खा उचलता येईनासा होतो. एमसीआय असलेल्यांच्या अभ्यासांतही चेहरे जुळवणे, प्रसिद्ध व्यक्तींना ओळखणे, त्यांची नावे सांगणे, यांत समवयस्कांपेक्षा घट दिसली आहे; चेहऱ्यावरचे पुसट भाव, विशेषतः राग, भीती, दुःख, ओळखण्यातही. हे प्रत्येकालाच होते असे नाही. ज्याला होते त्याला मात्र 'नीट बघा' असे सांगून उपयोग नसतो.

मेंदूतली जागाही ठाऊक आहे. कानशिलाच्या आतल्या बाजूस, मेंदूच्या तळाशी फ्युझिफॉर्म नावाची एक वळी आहे. तिच्यातला एक भाग चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देतो, असे मेंदूशास्त्रज्ञ नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली स्कॅनच्या आधारे मांडले. अल्झायमरमध्ये होणारे बदल मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागापाशी सुरू होऊन पुढे या वळीपर्यंत कसे पोचतात, याचे टप्पे हाइको आणि एव्हा ब्राक या जर्मन संशोधकांनी १९९१ साली आखून दिले आहेत. आईच्या बाबतीत हे बदल अल्झायमरचेच आहेत असे डॉक्टरांनी म्हटलेले नाही, आणि मीही म्हणत नाही. एवढेच सांगते की यात तिच्या स्वभावाचा काही भाग नाही.

स्वभावाचा उल्लेख करावा लागतो, कारण तक्रारीचे मूळ तिथे आहे. १९८८ ते २०१४ अशी सव्वीस वर्षे आईने आपल्याच इमारतीत पाळणाघर चालवले. आजच्या समितीतल्या दोघांची मुले तिच्याकडे वाढली. तीच आई आज लिफ्टमध्ये समोर उभ्या राहिलेल्या माणसाकडे कोरे पाहते, आणि लोक म्हणतात, 'काकू हल्ली ओळख दाखवत नाहीत.' आपल्या भाषेत ओळख ही 'दाखवायची' गोष्ट आहे. ती नाही दाखवली तर माणूस शिष्ट ठरतो, किंवा काहीतरी मनात धरून आहे असे मानले जाते. आईला ओळख पटतच नाही, तर ती दाखवणार कुठली?

गेल्या चैत्रातली गोष्ट. हळदीकुंकवाहून आम्ही दोघी लिफ्टने वर येत होतो. आत एक तरुण बाई, कडेवर मूल. ती आईकडे पाहून हसली. आईने तिच्याकडे पाहिले, मग लिफ्टच्या आकड्यांकडे पाहिले. बाईंचे हसू ओसरले. मी काही बोलणार तोच त्या मुलाला म्हणाल्या, 'चल, आजींना जेजे कर.' आवाज ऐकला मात्र, आई गर्रकन वळली. 'अगं, तू होय! भात बाजूला सारून नुसतं वरण प्यायचीस. आणि झोपताना माझ्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवायचीस, सोडवलं की रडायचीस.' ती मुलगी माहेरपणाला आली होती, केस कापून घेतले होते, चष्मा लागला होता. तीस वर्षांपूर्वीची तिची वरणाची वाटी आईला आठवत होती, तो चेहरा मात्र दोन मजले होईपर्यंत बंद दारासारखा राहिला. एकाच माणसापाशी पोचायला मेंदूत चेहऱ्याची वाट वेगळी आणि आवाजाची वेगळी असते. व्हिकी ब्रूस आणि अँडी यंग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली मांडलेल्या आराखड्यात तर चेहरा ओळखीचा वाटणे, तो माणूस कोण हे कळणे आणि त्याचे नाव ओठांवर येणे, या तीन वेगळ्या पायऱ्या धरलेल्या आहेत. कोणाची कोणती पायरी ढासळेल ते सांगता येत नाही. आईची पहिली ढासळते आहे. आवाजाची वाट अजून मोकळी आहे.

आणि नेमकी तीच वाट आपण जूनमध्ये बंद केलीत.

माझी मुख्य तक्रार ही आहे. पूर्वी गेटवरून इंटरकॉम यायचा: 'काकू, अमुक अमुक आलेत, सोडू का?' आई नाव ऐकायची, हवे तर त्या माणसाला फोनवर बोलायला सांगायची आणि मग हो-नाही म्हणायची. इतक्या वर्षांत तिच्याकडून चुकीचा माणूस आत आल्याचे मला आठवत नाही. देखभालीचा खर्च वाचवायचा म्हणून इंटरकॉम काढला आणि त्या जागी फोटो आला. हा निर्णय सर्वसाधारण सभेपुढे ठेवला गेला नाही. समितीच्या बैठकीत झाला आणि व्हॉट्सॲपवर कळवला गेला. ज्यांना फोटो पाहून माणूस ओळखता येत नाही त्यांनी काय करायचे, याचा त्यात एका ओळीनेही विचार नाही.

फोटोवरून अनोळखी माणूस पडताळणे हे निरोगी माणसालाही वाटते तितके सोपे नाही. ऑस्ट्रेलियातील पारपत्र अधिकाऱ्यांवरचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. समोर उभा असलेला माणूस आणि फोटोतला माणूस वेगळे असतानाही त्या अधिकाऱ्यांनी सुमारे १४ टक्के वेळा ते एकच असल्याचे मान्य केले होते, आणि नोकरीत किती वर्षे काढली याने त्यात फरक पडला नव्हता. ज्यांचा तो पोटापाण्याचा धंदा आहे त्यांची ही गत. अनोळखी किंवा थोड्या ओळखीच्या चेहऱ्यात आपण केस, कपाळाची ठेवण, चेहऱ्याची बाह्यरेषा यांवर जास्त विसंबतो. अगदी जवळच्या माणसाला मात्र डोळे-नाक-तोंड यांवरून ओळखतो. आता आपल्या पुण्याचे गेट डोळ्यांपुढे आणा. निम्मे लोक हेल्मेटमध्ये, मुली डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळलेल्या, पावसाळ्यात त्यावर रेनकोट. ओळखायला उरते काय? आणि ते जे काही उरते, ते तळहाताएवढ्या पडद्यावर, घाईघाईने, बहात्तर वर्षांच्या बाईने पाहायचे आणि चुकले तर पाचशे रुपये भरायचे.

निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो. आईला बाबांचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, त्यामुळे दर नोव्हेंबरला ती फोनसमोर बसून डोळे मिचकावते आणि काम होते. तंत्रज्ञानाला माझा विरोध आहे, असा आपल्या सचिवांचा समज झालेला दिसतो, म्हणून हे सांगितले. तिथे ओळखण्याचे काम यंत्र करते. आपल्या गेटवर यंत्र फक्त फोटो काढते. ओळखण्याचे काम आणि चुकीची जबाबदारी दोन्ही माणसावर येते.

दुसरी तक्रार व्हॉट्सॲप गटाबद्दल आहे. दंडाची नोटीस आम्हाला देण्याआधी ती आमच्या सदनिकेच्या क्रमांकासह गटावर टाकली गेली. तिच्याखाली एका पदाधिकाऱ्यांनी लिहिले, 'ज्यांना झेपत नाही त्यांनी घरात तरुण माणूस ठेवावा.' घरात तरुण नसले तरी पंचेचाळिशीचे एक माणूस आहे, ते म्हणजे मी. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मी घरात नसते, आणि छापखान्यात पानांचा फॉर्म छपाईला जायच्या वेळी माझा फोन माझ्या हातात नसतो. आईने तो संदेश वाचला. त्यानंतर दहा दिवस ती खाली फिरायला गेली नाही, ज्या फिरण्याला डॉक्टर औषधाइतकेच महत्त्व देतात. तिच्या आजाराची गोष्ट मी आज इथे लिहिते आहे ती तिला वाचून दाखवून, तिच्या परवानगीने. त्या गटावर तिची परवानगी कोणी विचारली नव्हती.

बाकीच्या दोन बारीक आहेत. वॉचमन पुरवणारी एजन्सी दर दोन-तीन महिन्यांनी माणसे बदलते, त्यामुळे आईला आपल्याच गेटवरचा माणूस आपला की परका हे कळत नाही. आणि वीज वाचवण्यासाठी लॉबीत बसवलेले दिवे माणूस हलला तरच लागतात, तेही पाठीमागून. समोरच्याचा चेहरा काळोखातच राहतो.

एक गाऱ्हाणे समितीकडे नाही, आपणा सगळ्यांकडे आहे. कृपा करून आईला 'ओळखलं का?' असे विचारू नका. लग्नाकार्यात, देवळात, जिन्यात, आपल्याकडे ही परीक्षा फार हौसेने घेतली जाते. 'सांगा बघू मी कोण!' म्हणून लोक समोर उभे राहतात, वर 'बघा, विसरलात ना' म्हणून हसतात. आई अशा वेळी अंदाजाने एखादे नाव घेते, ते चुकते आणि घरी आल्यावर ती बराच वेळ गप्प राहते. त्याऐवजी नाव सांगून बोला. 'काकू, मी बी विंगमधला अमुक', एवढे पुरते.

हा प्रश्न एका घराचा आहे असे समितीला वाटत असेल तर एक हिशोब मांडते. देशव्यापी 'लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया' या पाहणीवर आधारित, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, इतके आहे. आपल्या ११२ सदनिकांत साठीपुढची पाऊणशे माणसे सहज असतील. त्या हिशोबाने पाच-सहा जण झाले, आणि एमसीआय असलेले त्यात धरलेले नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार दिले आहेत, त्यांत एमसीआय नाही. त्यामुळे दाखवायला माझ्याकडे प्रमाणपत्र नाही. पायऱ्यांशेजारी उतार बांधताना आपण कोणाकडे प्रमाणपत्र मागितले नव्हते, याची आठवण करून देते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

दंड रद्द करावा आणि नोटिशीतला 'निष्काळजीपणे' हा शब्द लेखी मागे घ्यावा. नोटीस ज्या गटावर टाकली, त्याच गटावर हेही कळवावे. दंडाचे पाचशे रुपये मी भरले आहेत. ते परत मिळाले नाहीत तरी चालेल, शब्द मात्र मागे घेतला गेला पाहिजे.

जी सदनिका लेखी मागेल तिच्यासाठी गेटवरून आवाजी फोनची सोय पुन्हा सुरू करावी. इंटरकॉम शक्य नसेल तर वॉचमनने साध्या फोनवरून बोलावे: पाहुण्याचे नाव, कोणाकडे, कशासाठी, आणि घरच्यांनी मागितले तर पाहुण्याला फोनवर बोलू द्यावे. त्याने हेल्मेट, स्कार्फ किंवा टोपी काढल्याशिवाय फोटो घेऊ नये, हा नियम तर सगळ्यांसाठीच हवा.

अशा सदनिकांबाबत केवळ हिरव्या बटणावर अनोळखी माणसाला आत सोडू नये. घरातून होकार आला तरी दुसऱ्या नोंदवलेल्या क्रमांकावर विचारावे, आणि तो लागला नाही तर वॉचमनने त्या माणसाला दारापर्यंत सोबत करावी. जुलैमध्ये एवढे झाले असते तर तो माणूस तिसऱ्या मजल्यावर पोचलाच नसता. नेहमी येणाऱ्या मावशी, दूधवाला, गॅसवाला, फिल्टरवाला यांची नावानिशी यादी आम्ही देऊ; तिच्यात नसलेला माणूस 'सर्व्हिस' म्हणून सोडू नये.

एजन्सीशी पुढचा करार करताना सकाळच्या पाळीचा निदान एक वॉचमन वर्षभर तोच राहील अशी अट घालावी, आणि सगळ्यांच्या छातीवर दुरून वाचता येईल एवढ्या मोठ्या मराठी अक्षरांत नाव असावे. लॉबीत आणि लिफ्टमध्ये समोरून पडणारा, दिवसभर चालू राहणारा एकेक दिवा बसवावा. त्या दोन दिव्यांचा खर्च मी द्यायला तयार आहे.

आणि कोणत्याही सभासदाच्या आजाराविषयीची किंवा दंडाविषयीची माहिती त्याला आधी न कळवता गटावर टाकू नये.

३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा होईल. तिच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, अशी माझी लेखी विनंती याच पत्रासोबत कार्यालयात दिली आहे. त्याआधी समितीतल्या कोणाला आईशी प्रत्यक्ष बोलायचे असेल तर संध्याकाळी सातनंतर अवश्य यावे. बेल वाजवल्यावर दाराबाहेरून आपले नाव सांगा, दार ती स्वतःच उघडेल.

कळावे,

आपली विश्वासू,
ए विंगमधील एक सभासद
कोथरूड, पुणे